विनायक पांडुरंग करमरकर : मूर्ती, पुतळा आणि शिल्प

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी साध्य होतील :
• शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या जीवनाची व कार्याची रूपरेषा सांगता येईल.
• पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे कलेच्या व तंत्राच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करता येईल.
• मूर्ती, पुतळा आणि शिल्प या तीन शब्दांमधील अर्थभेद उदाहरणांसह मांडता येईल.
• चरित्रलेखनात घटना आणि त्यांचा अर्थ यांची सांगड कशी घातली जाते, हे ओळखता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. त्या लक्षणांचा पडताळा घेण्यासाठी या घटकात एका शिल्पकाराचे चरित्र आपण अभ्यासणार आहोत. लेखकाचे चरित्र लिहिताना त्याचे शब्द हाताशी असतात, समाजसुधारकाच्या चरित्रात त्याचे लढे असतात. शिल्पकार मात्र आपल्यासाठी माती, दगड, धातू मागे ठेवून जातो. त्या मूक वस्तूंकडून माणसापर्यंत पोहोचणे, हे अशा चरित्राचे काम असते.

आपण कदाचित भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावी, दिवसाची कामे उरकून रात्री हे पुस्तक उघडले असेल. कलादालन, संग्रहालय, कलाशाळा या गोष्टी आपणापासून दूर आहेत आणि म्हणून शिल्पकला हा विषयही आपला नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थोडे थांबून विचार करा. तान्ह्या पोळ्याला मुलांनी ओढत नेलेले लाकडी नंदी आपण पाहिले आहेत. त्यांतील एखाद्या नंदीची मान अशी काही वळलेली असते की तो आता चालू लागेल असे वाटते, तर दुसरा नुसताच चार पायांचा ठोकळा असतो. हा फरक आपल्याला कोणी शिकविलेला नसतो, तो डोळ्याला कळतो. भंडारा शहर तर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ठोकून केलेले घडीव भांडे आणि साच्यात ओतून केलेले ओतीव भांडे यांतील भेद या जिल्ह्यातील घराघरांत माहीत असतो. करमरकरांचे चरित्र समजून घेण्यासाठी एवढी शिदोरी पुरेशी आहे. त्यांची सुरुवातही अशाच एका गावात, अशाच शिदोरीवर झाली होती.

या चरित्राची मांडणी आपण तीन शब्दांच्या आधाराने करू : मूर्ती, पुतळा आणि शिल्प. बोलताना हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. तरी गणपतीचा पुतळा असे कोणी म्हणत नाही आणि चौकातील पुढाऱ्याची मूर्ती असेही म्हणत नाही. भाषेने केलेला हा भेद सहज झालेला नाही. करमरकरांचे आयुष्य या तीन शब्दांमधून पुढे सरकले, असे आपल्याला दिसून येईल.

सासवणे : मूर्ती

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे या गावी झाला. हे गाव अलिबागजवळ, समुद्रकाठी आहे. त्या काळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे, आज तो रायगड जिल्हा म्हणून ओळखला जातो. घर शेतकऱ्याचे होते. गावात भाताची खाचरे, नारळी-पोफळीच्या बागा आणि कोळ्यांची वस्ती. समोरच्या पाण्यापलीकडे मुंबई, परंतु त्या काळच्या खेड्यातील मुलासाठी ते अंतर मैलांच्या हिशेबात मोजण्यासारखे नव्हते.

कोकणात भाद्रपदातला गणपती हा घराघरांतला उत्सव. त्यासाठी लागणाऱ्या मातीच्या मूर्ती गावातच घडत. लहान विनायकाचा हात या मातीत खेळू लागला. मातीचा गोळा मळणे, त्यातून सोंडेचा बाक काढणे, डोळ्यांची आखणी करणे या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना त्याच्या बोटांत उतरल्या. या वयात मिळालेल्या शिक्षणाचे स्वरूप नीट लक्षात घ्या. मूर्ती हा शब्द संस्कृतातील ज्या धातूपासून आला आहे, त्याचा एक अर्थ घट्ट होणे, आकार धारण करणे असा आहे. जे निराकार आहे ते आकाराला येते, म्हणून ती मूर्ती. मूर्ती कोणासारखी दिसावी हा प्रश्न तेथे नसतो. तिची लक्षणे परंपरेने ठरलेली असतात आणि तिची पूजा होऊन ती पाण्यात विसर्जित होते. ती घडविणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. आपण केलेली वस्तू आपल्या डोळ्यांदेखत विरघळून जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने करावी लागते, हा त्या मुलाचा पहिला धडा होता.

मातीबरोबर त्याला चित्राचेही वेड होते. गावातील मंदिराच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस ते पडले. रॉथफील्ड हे कलांची जाण असलेले अधिकारी होते. खेड्यातील भिंतीवरचे ते चित्र पाहून त्यांनी ते काढणाऱ्याची चौकशी केली आणि या तरुणाला मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकण्याची वाट मोकळी करून दिली.

चरित्रात असे प्रसंग आले की आपण त्यांना दैव म्हणतो आणि पुढे जातो. अभ्यासक म्हणून आपण येथे थोडे थांबले पाहिजे. कलेक्टरच्या वाटेवर मंदिर होते, भिंतीवर चित्र होते आणि पाहणाऱ्याला दृष्टी होती, हे तीन योग एकत्र आले म्हणून एक आयुष्य बदलले. ज्या गावांतून असा कोणी गेला नाही, त्या गावांतील भिंतींवरही चित्रे असतीलच. पावसाने ती धुऊन नेली आणि ती काढणारे हात नांगराकडे वळले. करमरकरांचे चरित्र वाचताना या न घडलेल्या चरित्रांची जाणीव सुटू देऊ नये. आणखी एक गोष्ट आहे. रॉथफील्ड आले त्या दिवशी चित्र भिंतीवर होते. कोणी पाहील या अपेक्षेने ते काढलेले नव्हते, पण ते काढून झालेले होते. संधी ही दुसऱ्याच्या हातची असते, तयारी मात्र आधी आणि आपली असावी लागते.

मुंबई, कोलकाता आणि लंडन

मुंबईच्या कलाशाळेत त्या काळी युरोपीय वास्तववादी पद्धतीचे शिक्षण दिले जात असे. विद्यार्थ्याने आधी प्राचीन ग्रीक व रोमन शिल्पांच्या प्लास्टरमधील प्रतिकृती पाहून अभ्यास करावा, मग जिवंत माणूस समोर बसवून त्याची हाडे, स्नायू, कातडीवरील सुरकुत्या यांचे निरीक्षण करावे, अशी ती रीत होती. गणपती घडविणाऱ्या हाताला हे सर्वस्वी नवे होते. तेथे लक्षणे पाठ असावी लागत, येथे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागे. प्रत्येक माणसाचा कान वेगळा असतो, हे शिकावे लागे. करमरकरांनी ही दृष्टी इतक्या लवकर आत्मसात केली की कलाशाळेतील मानाचे समजले जाणारे लॉर्ड मेयो पदक त्यांना मिळाले.

याच कलाशाळेने त्यांच्या आधी गणपतराव म्हात्रे यांना घडविले होते. म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत असताना, १८९६ च्या सुमारास, नऊवारी नेसून देवळाकडे निघालेल्या तरुणीचे मंदिरपथगामिनी हे शिल्प घडविले आणि त्याची कीर्ती देशाबाहेरही पोहोचली. युरोपीय तंत्र वापरून मराठी घरातील स्त्री उभी करता येते, हे त्या शिल्पाने दाखवून दिले होते. करमरकर त्या परंपरेच्या पुढच्या पिढीचे होते.

शिक्षण संपल्यावर मुंबईत त्यांची गाठ सुरेंद्रनाथ टागोर यांच्याशी पडली. सुरेंद्रनाथ हे सत्येंद्रनाथांचे पुत्र आणि रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांच्या आग्रहावरून १९१६ च्या सुमारास करमरकर कोलकात्यास गेले आणि तेथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. त्या वेळी कोलकात्यात चित्रकलेचे वारे वेगळ्याच दिशेने वाहत होते. अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांचे शिष्य युरोपीय वास्तववाद टाकून भारतीय परंपरेतून नवी शैली शोधत होते. अशा वातावरणात वास्तववादी पद्धतीने माणसांचे चेहरे घडविणारा हा कोकणी तरुण आपल्या मार्गावर टिकून राहिला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. त्याने वाद घातला नाही, पण डोळ्यांना दिसणारे नाकारलेही नाही.

१९२० च्या सुमारास ते पुढील अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील रॉयल ॲकॅडमीमध्ये त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. मोठ्या आकाराची शिल्पे कशी उभारतात, त्यांचा तोल कसा साधतात आणि धातूच्या ओतकामाचे शास्त्र काय असते, हे समजून घ्यायला युरोपइतकी सोय तेव्हा अन्यत्र नव्हती. परत आल्यावर काही काळ कोलकात्यात काम करून १९२५ च्या सुमारास ते मुंबईस स्थायिक झाले. आता ते तिशीच्या मध्यावर होते. ज्या कामासाठी त्यांचे नाव पुढे घेतले जाणार होते, ते अजून त्यांच्या हाती आलेले नव्हते.

पुणे : पुतळा

आता आपण दुसऱ्या शब्दाकडे वळू. पुतळा हा शब्द संस्कृतातील पुत्तल या शब्दाशी निगडित आहे. बाहुली, प्रतिकृती असा त्याचा मूळ अर्थ. मूर्ती देवाची असते, पुतळा माणसाचा. मूर्ती गाभाऱ्यात असते, पुतळा चौकात. मूर्तीसमोर आपण हात जोडतो आणि डोळे मिटतो. पुतळा पाहण्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. आणि पुतळा कोणाचा, कोणी, कोठे उभारावा, हा प्रश्न नेहमीच राजकारणाचा असतो.

शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक पुण्यात व्हावे, ही कल्पना कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी हाती घेतली. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचे युवराज भारताच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. ज्यांनी परकीय सत्तांशी झुंज दिली त्या राजाच्या स्मारकाची कोनशिला परकीय सत्तेच्या युवराजाने बसवावी, यातील विसंगती त्या काळीही लोकांना दिसत होती. त्या दौऱ्यावर राष्ट्रीय चळवळीने बहिष्कार घातला होता. संस्थानिकांची निष्ठा, मराठा समाजाची अस्मिता, राष्ट्रीय चळवळीचा अभिमान आणि इंग्रज सरकारचे धोरण अशा अनेक ओढी या एका चबुतऱ्याभोवती एकवटल्या होत्या. पुढे मे १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले, १९२५ मध्ये या कार्याचे दुसरे आधारस्तंभ ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांचेही निधन झाले. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांनी पित्याचा संकल्प पुढे नेला आणि पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले. अवधी थोडा होता आणि अपेक्षा प्रचंड होत्या.

करमरकरांपुढील प्रश्न नेमका कोणता होता, ते पाहू. शिवाजी महाराज प्रत्येक मराठी माणसाच्या मनात होते आणि प्रत्येकाच्या मनात थोडे वेगळे होते. लहानपणी गावच्या मंदिराच्या भिंतीवर त्यांनी स्वतः जे शिवाजी महाराज काढले होते, ते मनातले होते. तेथे चूक काढणारे कोणी नव्हते. आता मात्र घोडा खरा हवा होता, बैठक खरी हवी होती, लगाम धरलेल्या हाताची पकड खरी हवी होती, आणि तरीही त्या स्वाराकडे पाहताक्षणी लोकांना आपला राजा ओळखू यायला हवा होता. मूर्तीत लक्षण हवे, पुतळ्यात साम्य हवे. येथे दोन्ही एकाच वेळी साधायचे होते. पुण्यातील तो पुतळा आज पाहिला तर करमरकरांनी काढलेला मार्ग ध्यानात येतो. आवेश त्यांनी घोड्याच्या चालीत आणि मानेच्या ताठपणात ठेवला आहे, स्वार मात्र शांत आणि सावध आहे. पराक्रम ओरडून सांगितलेला नाही. राज्य चालविणारा माणूस घोड्यावर बसला आहे, असे वाटते.

ओतकामाची कसोटी

हा पुतळा साडेतेरा फूट उंच आणि सुमारे आठ टन वजनाचा आहे. एवढी मोठी अश्वारूढ कृती ब्राँझमध्ये ओतणे म्हणजे काय, हे आपण पायरीपायरीने समजून घेऊ.

प्रथम लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात. त्यावर ओली माती चढवून शिल्पकार पूर्ण आकाराची प्रतिमा घडवितो. माती सुकून तडकू नये म्हणून ती सतत ओली ठेवावी लागते. या मातीच्या प्रतिमेवरून प्लास्टरचा साचा काढतात आणि त्या साच्यातून प्लास्टरची प्रतिमा तयार होते. येथपर्यंतचे काम शिल्पकाराचे. पुढे भट्टीचे काम सुरू होते. प्लास्टरच्या प्रतिमेवरून उष्णता सहन करणारा नवा साचा बनवितात आणि त्याच्या आत गाभा बसवितात. साचा व गाभा यांच्यामध्ये जी अरुंद पोकळी राहते, तिच्यात वितळलेले ब्राँझ ओततात. गाभा नसता तर पुतळा भरीव झाला असता. मग त्याचे वजन पेलवले नसते आणि थंड होताना धातू वेडावाकडा आक्रसून फुटला असता. धातू आत शिरताना आतली हवा बाहेर पडण्यासाठी वाटा ठेवाव्या लागतात. हवा कोंडली तर त्या जागी भोक पडते. धातूचा एक प्रवाह दुसऱ्याला भेटण्यापूर्वी गार झाला तर तेथे सांधा राहतो, पुढे तेथूनच तडा जातो.

म्हणूनच मोठे पुतळे सामान्यतः तुकड्यांमध्ये ओतून नंतर जोडीत असत. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. शिवाय भारतातील मोठ्या पुतळ्यांचे ओतकाम त्या काळी बहुधा युरोपात करून घेतले जाई. करमरकरांनी दोन्ही वाटा सोडल्या. पुतळा मुंबईतच, माझगाव गोदीत आणि अखंड एका ओतकामात करण्याचे ठरले. जहाजांच्या कामासाठी मोठमोठे धातुकाम करणारे कारागीर आणि तशा भट्ट्या गोदीत होत्या. पण जहाजाचा भाग ओतणे आणि घोड्याच्या नाकपुडीचा फुगवटा ओतणे, यांत अंतर आहे.

येथे पणाला काय लागले होते, याची कल्पना करा. एकदा धातू ओतायला सुरुवात झाली की थांबता येत नाही. साच्याच्या आत काय चालले आहे, ते कोणालाही दिसत नाही. सर्व महिन्यांची मेहनत, संस्थानाचा पैसा, ठरलेली अनावरणाची तारीख, आणि भारतीय शिल्पकाराला भारतातच असे काम जमेल की नाही या प्रश्नाचे उत्तर, हे सारे काही घटकांत ठरणार होते. चूक झाली असती तर ती झाकता आली नसती. साचा फोडला तेव्हा घोडा आणि स्वार अखंड बाहेर आले. भंडाऱ्याच्या पितळी कारखान्यात साचा उघडतानाची शांतता ज्यांनी अनुभवली असेल, त्यांना या क्षणाचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

एक अडचण उरलीच होती. अखंड पुतळा मुंबईहून पुण्यास न्यायचा तर रेल्वेने घाट चढावा लागे आणि त्या घाटात बोगदे आहेत. साडेतेरा फूट उंचीची वस्तू साध्या वाघिणीवर उभी करून बोगद्यातून नेता येणार नव्हती. त्यासाठी खास वाघिणीची योजना करावी लागली. तुकड्यांमध्ये ओतला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. एका निर्णयाची किंमत पुढच्या प्रत्येक टप्प्यावर द्यावी लागते, आणि जो ती देण्यास तयार असतो त्यालाच तसा निर्णय घेण्याचा अधिकार असतो.

१६ जून १९२८ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. करमरकरांचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते. ज्या भांबुर्डे परिसरात हा पुतळा उभा राहिला, तो परिसर पुढे शिवाजीनगर या नावाने ओळखला जाऊ लागला. पुतळ्यासभोवती पुढे श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल उभे राहिले. कोनशिला युवराजाने बसविली, अनावरण गव्हर्नराने केले, परंतु त्या दोघांची नावे आज परीक्षेसाठी पाठ करावी लागतात. पुतळा मात्र लोकांचा झाला. कलाकृतीचा अर्थ तिच्या आश्रयदात्याच्या हातात फार काळ राहत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पुन्हा सासवणे : शिल्प

एवढ्या यशानंतर कोणत्याही शिल्पकाराच्या आयुष्याचा पुढचा भाग आधीच लिहून ठेवल्यासारखा असतो. संस्थानिक, पुढारी, दानशूर व्यापारी यांचे पुतळे करावेत आणि कीर्ती व पैसा मिळवावा. करमरकरांनी व्यक्तिशिल्पे केली, त्यांत ते निष्णात होते. पण त्यांचे चरित्र तेथे संपत नाही आणि म्हणूनच ते अभ्यासण्याजोगे आहे.

तिसरा शब्द शिल्प. प्राचीन संस्कृतात शिल्प म्हणजे कोणतेही कौशल्याचे काम. सुताराचे, सोनाराचे, विणकराचे कामही शिल्पच होते. आज आपण या शब्दाचा अर्थ आकसून घेतला आहे. परंतु मूर्ती आणि पुतळा यांच्यापेक्षा शिल्प हा शब्द आजही मोकळा आहे. शिल्पाला पूजेची गरज नसते आणि चौकाचीही नसते. ते कोणाचेही, कशाचेही असू शकते.

करमरकरांचे शंखध्वनी हे शिल्प विशेष गाजले आणि त्यासाठी त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मत्स्यगंधा या शिल्पात त्यांनी कोळीण घडविली. नाव महाभारतातले, पण समोर उभी असलेली स्त्री सासवण्याच्या किनाऱ्यावरची. सासवण्यातील घरी त्यांनी जी शिल्पे घडविली, त्यांत आल्यागेल्याला नमस्कार करणारी स्त्री आहे, ओझी वाहणारा हमाल आहे, अंगणातली म्हैस आहे, पाळलेला कुत्रा आहे. यांपैकी कोणाचाही पुतळा उभारावा, असा ठराव कोणत्याही सभेत कधी झाला नसता. ज्यांच्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही त्यांना शिल्पकाराने स्वतःच्या वेळातून, स्वतःच्या खर्चाने आकार दिला.

त्यासाठी त्यांनी निवडलेले माध्यमही लक्षात घेण्यासारखे आहे. ही शिल्पे मोठ्या प्रमाणावर सिमेंटमध्ये केलेली आहेत. ब्राँझ महाग, संगमरवर महाग, प्लास्टर पावसात टिकत नाही. सिमेंट स्वस्त, सहज मिळणारे आणि कोकणच्या पावसाला तोंड देणारे. पण सिमेंट लवकर घट्ट होते आणि चूक सुधारू देत नाही. ते हाताळणाऱ्याला आधीच माहीत असावे लागते की आपल्याला काय हवे आहे. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनीही १९३८ मध्ये संथाळ कुटुंबाचे मोठे शिल्प सिमेंट काँक्रीटमध्येच उभारले होते. दोघांच्या शैलींत फार अंतर आहे. रामकिंकरांचा पृष्ठभाग खरखरीत आणि आकार मोकळे आहेत, करमरकरांनी सिमेंटमधून कातडीचा मऊपणा काढला आहे. परंतु कष्टकरी माणूस हा विषय आणि घर बांधण्याचे साधे साहित्य हे माध्यम, या दोन बाबतींत हे दोघे एकमेकांच्या जवळ येतात.

मत्स्यगंधेकडे आणि पुण्याच्या घोडेस्वाराकडे एकाच वेळी पाहण्याचा प्रयत्न करा. एक आठ टनांचा, दुसरी साध्या सिमेंटची. एकाच्या मागे संस्थाने, दुसरीच्या मागे कोणी नाही. तरी पाहण्याची निष्ठा दोहोंत सारखीच आहे. राजाच्या हाताची पकड ज्या काळजीने पाहिली, त्याच काळजीने कोळणीच्या उभे राहण्याचा डौल पाहिलेला आहे. कलाशाळेने प्रत्येक कान वेगळा असतो हे शिकविले होते. करमरकरांनी त्याचा अर्थ असा घेतला की प्रत्येक माणूस पाहण्याजोगा असतो.

समकालीनांमधील स्थान

करमरकरांचे स्थान ठरविताना त्यांचे समकालीन मराठी शिल्पकार नजरेसमोर ठेवावेत. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा घडविणारे रघुनाथ कृष्ण फडके पुढे धार येथे स्थायिक झाले. बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये शिर्डीच्या समाधिमंदिरात प्रतिष्ठापित झाली आणि ती लाखो भाविकांच्या मनातील साईबाबांची प्रतिमा ठरली. येथे एक सूक्ष्म भाषिक गोष्ट पाहा. तालीम यांनी वास्तववादी पद्धतीने माणसाचे शिल्प घडविले, पण पूजेमुळे आपण त्याला मूर्ती म्हणतो. म्हणजे मूर्ती, पुतळा, शिल्प हे भेद वस्तूच्या घडणीवर जितके अवलंबून आहेत, त्याहून अधिक आपल्या वस्तूशी असलेल्या नात्यावर अवलंबून आहेत.

करमरकरांवर एक आक्षेप घेतला जातो, त्याचाही विचार केला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतीय शिल्पकला वास्तववादाकडून अमूर्ताकडे आणि नव्या प्रयोगांकडे वळली. त्या दृष्टीने पाहता करमरकर विद्यार्थिदशेत शिकलेल्या पद्धतीतच राहिले, असे म्हणता येते. हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. शैलीच्या इतिहासात त्यांनी नवे पान उघडले नाही. परंतु तंत्राच्या इतिहासात माझगावचे ओतकाम आणि विषयाच्या इतिहासात सासवण्याची माणसे, ही दोन पाने त्यांच्या नावावर निश्चित आहेत. मूल्यमापन करताना कलावंताने जे केले नाही त्याची नोंद घ्यावी, पण त्याने जे केले ते त्यामुळे झाकले जाऊ नये.

भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. सासवण्यातील त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि तेथे त्यांची दीडशेच्या आसपास शिल्पे पाहावयास मिळतात.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, या चरित्राचा आकार वर्तुळाचा आहे. गावातून निघून मुंबई, कोलकाता, लंडन आणि पुणे असा प्रवास करून ते पुन्हा गावात येते. परंतु निघाले ते गाव आणि परतले ते गाव एकच नाही. लहानपणी ज्या मातीतून त्यांनी देव घडविला, त्याच गावात नंतर त्यांनी माणसे घडविली. पहिली कृती दरवर्षी पाण्यात विरघळत असे, नंतरच्या कृती पावसात उभ्या राहतील अशा केल्या. विसर्जनाकडून टिकाऊपणाकडे, देवाकडून राजाकडे आणि राजाकडून हमालाकडे झालेला हा प्रवास आहे.

प्रौढपणी शिकायला बसलेल्या माणसाला अनेकदा वाटते की शिक्षण म्हणजे आपल्या गावापासून दूर जाण्याची वाट. करमरकरांच्या आयुष्यात ती दूर गेलेली वाट परतही आली. जे लंडनमध्ये शिकले ते सासवण्यातील म्हशीकडे पाहण्यास उपयोगी पडले. आपण या पुस्तकातून जे शब्द, जे विचार शिकत आहात, त्यांचाही असा उपयोग होऊ शकतो. पुढच्या तान्ह्या पोळ्याला एकोडीच्या रस्त्याने जाणारे लाकडी नंदी पुन्हा एकदा निरखून पाहा. त्यांतील एखादा घडविणारा हात कोणाचा आहे, हे विचारा आणि त्याचे नाव लिहून ठेवा. चरित्रलेखनाची सुरुवात अशाच नोंदीपासून होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. करमरकरांच्या जडणघडणीत सासवणे, मुंबई आणि कोलकाता या तीन ठिकाणांचा वाटा स्पष्ट करा.
२. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा अखंड ओतण्यात कोणते धोके होते? ते पत्करण्याचा निर्णय आपणास योग्य वाटतो काय? सकारण लिहा.
३. मूर्ती, पुतळा आणि शिल्प या शब्दांतील अर्थभेद आपल्या परिसरातील प्रत्येकी एका उदाहरणाच्या आधारे सांगा.
४. कलाकृतीचा अर्थ आश्रयदात्याच्या हातात फार काळ राहत नाही, या विधानाची चर्चा करा.

उपक्रम

आपल्या गावातील एखाद्या कारागिराची भेट घ्या. तो वापरीत असलेल्या अवजारांची, साहित्याची आणि कामाच्या पायऱ्यांची स्थानिक बोलीतील नावे त्याच्याच उच्चाराप्रमाणे नोंदवा. त्या नोंदींच्या आधारे सुमारे तीनशे शब्दांचा व्यक्तिपरिचय लिहा.